आरोग्यपाठ : इन्सुलिन घरी, पालावर आणि प्रवासात



साखरेचा आजार आता आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात येऊन बसला आहे. रविवारी उपासना संपल्यावर चहा फिरू लागला की "बिनसाखरेचा कुठला?" असे विचारणारे चार-सहा जण असतातच. त्यांतले काही इन्सुलिन घेतात. इकडे सातपुड्यातल्या पाड्यांवरही इन्सुलिन घेणारी माणसे आहेत, आणि त्यांत लहान मुलेही आहेत. औषध तेच, बाटली तीच. तुमच्याकडे ती फ्रीजच्या दारात उभी असते, इथे कुडाच्या घरात मडक्याच्या पोटात असते. म्हणून या तिमाहीचा पाठ दोन्ही घरांसाठी लिहिते आहे. मी परिचारिका आहे. डोस किती घ्यायचा, कधी वाढवायचा हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचे. बाटली हातात पडल्यापासून ती संपेपर्यंत तिला कसे सांभाळायचे, एवढाच आजचा विषय आहे.

हे औषध इतके नाजूक का?

इन्सुलिन हे प्रथिन आहे. अंडे उकडले की आतला पांढरा भाग घट्ट होतो, आणि मग ते कितीही थंड पाण्यात ठेवले तरी पुन्हा पातळ होत नाही. इन्सुलिनचेही तसेच. उन्हात तापून बिघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवल्याने सुधारत नाही. मात्र एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. इन्सुलिन गोठले तरीही बिघडते, आणि बर्फ वितळून ते पुन्हा पाण्यासारखे दिसू लागले तरी वापरायचे नसते. आमच्याकडे उन्हाने बिघडलेल्या बाटल्या येतात तशाच बर्फाने बिघडलेल्याही येतात. "थंड ठेवा" असे सांगितले की माणूस काळजीपोटी सरळ बर्फाच्या कप्प्यात ठेवतो.

बिघडलेल्या इन्सुलिनचा धोका असा की ते विष होत नाही, नुसते दुबळे होते. सुई टोचली, डोस बरोबर भरला, सगळे नीट केले, तरी साखर उतरत नाही. मोठ्या वयात झालेल्या मधुमेहात शरीर थोडेफार इन्सुलिन स्वतः बनवत असते, त्यामुळे अशा माणसाला काही दिवस ते नुसते थकवा, तहान, वारंवार लघवी यांवर निभावते. पण ज्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे, त्याचे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्याच्या बाटलीतले औषध दुबळे झाले, तर एक-दोन दिवसांतच उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, अशी लक्षणे दिसू लागतात. असे मूल त्याच वेळी रुग्णालयात न्यावे लागते. इथे पाड्यावर ही लक्षणे पाहून लोकांना आधी बाहेरची बाधा वाटते, आणि त्यात वेळ जातो. म्हणून आम्ही घरच्यांना लक्षणे आधी शिकवतो आणि सुई कशी टोचायची ते नंतर.

1922 च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. बॅंटिंग आणि बेस्ट यांनी त्याच्या आदल्या वर्षी ते शोधून काढले होते. त्याआधी या आजाराची मुले फार काळ जगत नसत. उपासमार वाटावी इतके कमी खायला देऊन त्यांचे आयुष्य थोडे लांबवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. या गोष्टीला शंभर वर्षे होऊन गेली, पण बाटली नीट पोचली नाही तर आमच्या पाड्यावरचे मूल अजूनही 1922 च्या आधीच्या काळातच आहे.

घरात कुठे ठेवावे

न उघडलेली बाटली किंवा न वापरलेले पेन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे साध्या फ्रीजच्या थंडीत ठेवावे. तसे ठेवले तर ते खोक्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत टिकते. बर्फाचा कप्पा वर असलेल्या जुन्या फ्रीजमध्ये बाटली त्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला चिकटून ठेवू नये, तिथे गोठण्याची भीती असते. मधला खण किंवा दाराचा खण बरा. बाटली तिच्या कागदी खोक्यातच राहू द्यावी आणि खोके झाकणाच्या डब्यात ठेवावे. लोणच्याच्या बरणीआड हरवत नाही, आणि घरातली मुले खेळायलाही घेत नाहीत.

उघडलेल्या बाटलीचा नियम वेगळा आहे. रोजच्या वापरातली बाटली किंवा पेन खोलीच्या साध्या तापमानाला ठेवता येते, मात्र ऊन आणि चुलीची धग लागता कामा नये. थंडगार इन्सुलिन टोचले की जास्त दुखते, म्हणून बरेच जण ती बाहेरच ठेवतात. उघडल्यापासून बहुतेक इन्सुलिन 28 दिवस चालते, काही प्रकार थोडे जास्त दिवस चालतात. खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद त्यासाठीच असतो. आपल्यापैकी कितीजण तो वाचतात? निदान मुदतीची ओळ तरी कुणा तरुणाकडून वाचून घ्या. कंपनीने खोलीचे तापमान किती धरले आहे, 25 अंश की 30, तेही त्यातच लिहिलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची खोली या दोन्हींच्या वर जाते, तेव्हा उघडलेली बाटलीही फ्रीजमध्ये ठेवावी आणि टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवावी. पेनची सुई मात्र प्रत्येक वेळी काढून ठेवायची. सुई लावूनच पेन ठेवले तर ऊन-थंडीच्या फरकाने औषध गळते किंवा आत हवा शिरते, आणि पुढचा डोस कमी जातो.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. पेन चालत नसेल तर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर लिहा. आपल्याकडची 10 मिलिलिटरची साधी बाटली 40 युनिटवाली असते, म्हणजे तिच्यात एकूण 400 युनिट असतात. दिवसाला 24 युनिट घेणाऱ्या माणसाची ती सोळा दिवसांत संपते, त्याला मुदतीची चिंता नाही. पण दिवसाला 10 युनिट घेणाऱ्या आजोबांचे 28 दिवसांत 280 युनिट होतात आणि बाटलीत 120 युनिट उरतात. ते टाकून द्यायला जिवावर येते. काटकसरीत वाढलेल्या आपल्या पिढीला तर फारच. तरी टाकावे. ज्यांचा डोस कमी आहे त्यांनी 3 मिलिलिटरच्या लहान पेनबद्दल डॉक्टरांना विचारावे, तेवढे वाया जात नाही.

प्रत्येक वेळी टोचण्याआधी बाटली उजेडात धरून पाहावी. जे इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ असायला हवे ते गढूळ दिसले, तर टाकावे. जे दुधासारखे असते ते दोन्ही तळव्यांत दहा-एक वेळा हलके फिरवावे आणि वर-खाली करावे, खळखळून हलवू नये. ते सगळीकडे सारखे पांढरे झाले पाहिजे. त्यात गाठी, कण किंवा पापुद्रे दिसले, किंवा काचेला आतून दहिवरासारखे काही चिकटलेले दिसले, तर ती बाटली गेली. पण दिसायला चांगली म्हणजे नक्कीच चांगली, असे मात्र समजू नये. डोस, जेवण, काम सगळे नेहमीसारखे असताना साखर दोन-तीन वेळा कारणाशिवाय वर आली, तर नवी बाटली उघडावी आणि डॉक्टरांना कळवावे.

फ्रीज नसलेल्या घरात

आता पाड्यावरच्या घराकडे येते. काही घरांत वीजच नाही. जिथे आहे तिथे पावसाळ्यात चार-चार दिवस जाते. अशा घरात आम्ही दोन मडकी वापरतो. एक मोठे, एक लहान. मोठ्या मडक्याच्या तळाशी वाळू घालायची, तीवर लहान मडके ठेवायचे, दोन्हींच्या मधल्या जागेत वाळू भरायची आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ पाणी घालून ओली ठेवायची. आतल्या मडक्यात पाणी घालायचे नाही. त्यात घट्ट झाकणाचा कोरडा डबा, डब्यात खोक्यासकट बाटली, आणि मडक्याच्या तोंडावर ओले फडके. सगळे सावलीत, पण वारा लागेल अशा जागी ठेवायचे, कारण पाणी वाफ होऊन उडते तेव्हाच ते मडक्यातली उष्णता ओढून घेते. कोंदट कोपऱ्यात ठेवलेले मडके गार होत नाही. बाटली पिण्याच्या माठात सोडू नये. तिच्यावरचा कागद सुटतो, तारीख पुसली जाते, आणि कुणाचा हात, कुणाचा पेला त्यात बुडत असतो.

कोरड्या उन्हाळ्यात हे मडके फार छान चालते. आमच्या ओट्यावर दुपारी बाहेर चाळीस अंश असताना आतल्या थर्मामीटरवर सत्तावीस-अठ्ठावीस दिसतात. पावसाळ्यात हवाच ओली असते, पाणी उडत नाही, मग फरक दोन-तीन अंशांचाच पडतो. पण तेव्हा बाहेरही तेवढी उष्णता नसते, म्हणून बिघडत नाही. कोकणात किंवा मुंबईला राहणाऱ्यांनी मात्र मडक्यावर एवढा भरवसा ठेवू नये, तिथली दमट हवा उन्हाळ्यातही मडक्याला साथ देत नाही. हिवाळ्यात इथली गोष्ट उलटी होते. डाब, तोरणमाळ या उंचावरच्या भागांत कडाक्याच्या थंडीत दवबिंदूसुद्धा गोठतात. त्या दिवसांत मडके घरात घ्यायचे, वाळू कोरडी ठेवायची, आणि ऊब हवी म्हणून चुलीशेजारी मात्र ठेवायचे नाही.

मडक्यात फ्रीजसारखे 2 ते 8 अंश कधीच मिळत नाहीत. तरी आम्ही ते का वापरतो, असा प्रश्न एका वाचक डॉक्टरांनी केला होता, आणि तो रास्त आहे. केनियातल्या दादाब इथल्या निर्वासित छावणीत हीच अडचण होती. तिथे काम करणारी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी मिळून ती तपासली. छावणीतल्या घरांत रात्री 25 आणि दिवसा 37 अंशांपर्यंत तापमान वर-खाली होत असे. तशाच चढ-उतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद थंडीत ठेवलेल्या इन्सुलिनइतकीच राहिली, असे त्यांना आढळले. हा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे फ्रीज नाही म्हणून इन्सुलिन नाही, असे म्हणायचे कारण उरत नाही. पण याचा अर्थ घरात फ्रीज असलेल्यांनी बाटली खिडकीत ठेवावी असा मुळीच नाही. तो अभ्यास मानवी इन्सुलिनच्या ठरावीक प्रकारांवर आणि चार आठवड्यांपुरता आहे. आम्ही त्याचा उपयोग एवढाच करतो, की पाड्यावर एका वेळी एकच बाटली देतो, फार तर दोन, आणि बाकीच्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये नाव घालून ठेवतो. बाजाराच्या दिवशी घरचे येतात तेव्हा पुढची घेऊन जातात.

प्रवासात

पाड्यापासून आमच्या दवाखान्यापर्यंत कुणी दोन तास चालत येते, कुणी जीपने. धडगावहून शहाद्यावरून नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात जायचे तर एसटीत घाट आणि ऊन दोन्ही सोसावे लागतात. आम्ही रुंद तोंडाचा थर्मास देतो. त्यात आधी मडक्याचे गार पाणी घालून दहा मिनिटे ठेवायचे, मग ते ओतून द्यायचे, आतून पुसायचे, आणि फडक्यात गुंडाळलेली बाटली आत ठेवून झाकण लावायचे. एवढ्याने दिवसभर निभावते. बर्फ लागत नाही.

बर्फ वापरायचाच असेल, तर लसीकरणाला येणाऱ्या नर्सताईंचे पाहून करावे. लसींच्या डब्यात ठेवायचे बर्फाचे चौकोनी पॅक त्या फ्रीझरमधून काढून लगेच डब्यात घालत नाहीत. पॅकला बाहेरून घाम सुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबतात. कारण काही लसीही गोठल्या की वाया जातात. इन्सुलिनचे अगदी तसेच आहे. पॅक थोडा वितळू द्यावा, टॉवेलात गुंडाळावा, आणि बाटली त्याला थेट चिकटू देऊ नये. दुकानात पाण्यात भिजवून वापरायच्या कापडी थैल्याही मिळतात. त्यांच्या आतले दाणे पाणी शोषून फुगतात आणि मडक्याच्याच युक्तीने बाटली गार ठेवतात. त्यांना बर्फ नको, वीज नको. फक्त त्या थैल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. वारा लागला नाही तर त्यांचा उपयोग नाही.

गाडीने जाणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगते, पण ती फार महत्त्वाची आहे. उभ्या गाडीत औषध ठेवून जेवायला उतरू नका. उन्हात बंद गाडी अर्ध्या तासात भट्टी होते. समोरचा खण, डिकी, मागच्या काचेखालची जागा, सगळे सारखेच. लग्नाला जाताना बायका दागिन्यांची पर्स हातातून सोडत नाहीत, तशी ही पिशवी जवळ बाळगावी. एसटीत टपावर नाही, इंजिनाजवळच्या झाकणावर नाही. रेल्वेत खिडकीच्या उन्हात नाही. विमानात सामानात देऊन टाकलेल्या बॅगेत तर कधीच नाही. बॅग हरवू शकते, आणि विमानाच्या पोटात औषध गोठण्याचा धोका असतो. हातातल्या बॅगेत, मूळ खोक्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा आणि तपासणीच्या वेळी आधीच सांगा. औषधाला द्रव पदार्थांच्या मर्यादेतून सूट असते. चिठ्ठीवर औषधाचे कंपनीचे नाव नव्हे तर मूळ नाव आणि ताकद लिहून घ्यावी, परगावी कंपनी बदलते.

ताकदीबद्दल थोडे थांबून सांगते, कारण परगावी गेल्यावर सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. भारतात बाटलीतले साधे इन्सुलिन बहुधा 40 युनिटचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. पेनमधले आणि परदेशातले बहुतेक 100 युनिटचे असते. त्या दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या. 40 ची लाल टोपीची, 100 ची नारिंगी टोपीची. समजा सिरिंज 40 ची आहे आणि औषध 100 चे. त्या सिरिंजवर 20 च्या खुणेपर्यंत भरले की अर्धा मिलिलिटर औषध येते, म्हणजे प्रत्यक्षात 50 युनिट. अडीच पट! साखर एवढी खाली जाऊ शकते की माणूस शुद्ध हरपतो. उलट घोटाळा झाला, म्हणजे औषध 40 चे आणि सिरिंज 100 ची, तर 20 च्या खुणेला फक्त 8 युनिट जातात. म्हणून परदेशी मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांनी पूर्ण मुक्कामाचे औषध आणि त्याच औषधाच्या सिरिंजा इथूनच न्याव्यात. आणि काटकसर म्हणून पेनमधले औषध साध्या सिरिंजने ओढून घेऊ नये.

औषध नेहमी लागते त्याच्या दुप्पट घ्यावे, आणि दोन पिशव्यांत विभागून दोन माणसांकडे द्यावे. एक पिशवी हरवली, एक बाटली फुटली, तरी अडत नाही. पिशवीत आणखी काय? सिरिंजा किंवा सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी. पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नसतात. त्यांना थंडीपेक्षा ओल बाधते, म्हणून डबीचे झाकण प्रत्येक वेळी लगेच लावावे, पावसाळ्यात तर जास्तच. आणि साखर. छोट्या डबीत साखर किंवा ग्लुकोजची पूड प्रत्येकाच्या खिशात असलीच पाहिजे, इन्सुलिन घेणाऱ्याच्याही आणि सोबत्याच्याही. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे, अशी साखर कमी झाल्याची चिन्हे दिसली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि मग काहीतरी खायला द्यावे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, त्याला सरळ रुग्णालयात न्यावे. घाटात गाडी अडकते, जेवणाची वेळ टळते, आणि इंजेक्शन तर आधीच घेतलेले असते. प्रवासात साखर उतरायला एवढे कारण पुरते. गाडी समोर थांबली आणि ताट आले की मगच इंजेक्शन, हा आमच्या पाड्यावरचा नियम शहरातही चालेल. मात्र ज्यांना डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितले आहे, त्यांनी प्रवासाच्या दिवशी काय करायचे ते आधी विचारून ठेवावे.

वापरलेल्या सुया प्रवासात कुठेही टाकू नयेत. जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली सोबत ठेवून त्यात जमवाव्यात आणि दवाखान्यात परत द्याव्यात. इथे अनवाणी चालणारी मुले आहेत, आणि शहरात कचरा वेचणारी.

होळीला आणि ऊसतोडीला

इथला सर्वांत मोठा प्रवास दोन कारणांनी होतो. एक होळी. काठीच्या राजवाडी होळीला दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे डोंगर चालून येतात आणि रात्रभर ढोलावर नाचतात. आमच्याकडे टाइप 1 ची एक मुलगी आहे, बारा वर्षांची. तिच्या आईने विचारले, "सिस्टर, होळीला नेऊ का तिला, की घरी ठेवू?" घरी ठेवायचे काही कारण नव्हते. मूल आजारी आहे म्हणून सणापासून तोडले, तर ते औषधालाच शत्रू मानू लागते. थर्मास दिला, दोघींच्या कमरेला साखरेची पुरचुंडी बांधायला सांगितली. रात्रभर नाचणे म्हणजे रात्रभर मेहनत, साखर उतरणार, म्हणून डॉक्टरांना विचारून त्या संध्याकाळचा डोस कमी केला आणि मध्यरात्री भाकर खायची असे ठरवले. मुलगी नाचून आली. ओढणीला गुलाल होता, आणि डबीतली साखर अर्धी झाली होती. "मैत्रिणींनी मागितली," म्हणाली.

दुसरा प्रवास सणाचा नाही. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि चार-पाच महिने शेताकडेला पालात राहतात. त्याच मुलीचे आईवडील दरवर्षी जात. आजार कळल्यानंतरच्या पहिल्या हंगामात घरात एकच प्रश्न होता. तिला न्यायचे, की आजीकडे ठेवायचे? आजीला डोळ्यांनी सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. न्यायचे तर पाच महिन्यांचे इन्सुलिन म्हणजे दिवसाला 24 युनिटांच्या हिशेबाने नऊ बाटल्या. नऊ बाटल्या प्लास्टिकच्या पालात ठेवणे म्हणजे त्या फेकून देणेच. दुपारी त्या पालात आपल्यालाही बसवत नाही.

शेवटी वाट काढली ती मुकादमाने. पालाजवळच्या गावात त्याच्या ओळखीचे किराणा दुकान होते, दुकानात थंड पेयांचा फ्रीज. दुकानदाराशी फोनवर बोलणे झाले. बाटल्या एका डब्यात, डब्यावर मुलीचे नाव आणि मोठ्या अक्षरांत "बर्फात ठेवू नये", गुजरातीतही. पालावर एका वेळी एकच बाटली, दोन मडक्यांच्या रचनेत. मडकी बैलगाडीखाली ठेवायची, कारण पालापेक्षा तिथे वारा जास्त. संपल्याची तारीख आई शाळेच्या वहीत रेघ मारून मोजत असे, तिला अक्षरे येत नाहीत पण सोळा रेघा येतात. जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, तिथे जायला कोणती गाडी, हे जाण्याआधीच कागदावर लिहून मुकादमाकडे आणि वडिलांकडे दिले. आजाराची चिठ्ठी डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिली होती. जानेवारीत एकदा ताप आला आणि साखर चढली तेव्हा ती चिठ्ठीच कामी आली. तिथल्या डॉक्टरांना काही विचारत बसावे लागले नाही.

सगळ्यांचे असे जमत नाही, हेही सांगायला हवे. ज्या घरात सोबत कुणी मोजणारे नाही, तिथे आम्ही मूल आश्रमशाळेत किंवा नात्यातल्या घरी ठेवण्याचा आग्रह धरतो, आणि अशा वेळी आईचे मन दोन्हीकडे ओढले जाते. यावर आमच्याजवळ सोपे उत्तर नाही.

पार्सलाविषयी

आता एक विनंती. उरलेले इन्सुलिन गरिबांच्या कामी यावे म्हणून काही बंधुभगिनी ते कुरिअरने पाठवतात. भावना फार चांगली आहे, पण मे महिन्यात पाच दिवस गोदामात आणि गाडीत तापलेल्या त्या बाटल्या आम्हाला नष्टच कराव्या लागतात. वाटेत काय घडले हे आम्हाला कळायला मार्ग नसतो, आणि मुलाला शंकेचे औषध टोचता येत नाही. उघडलेली बाटली किंवा वापरलेले पेन तर कुणालाच देऊ नये, सुई बदलली तरीही. पेनच्या आत रक्ताचा अंश जाऊ शकतो आणि त्यातून आजार पसरतो. घरात कुणी गेल्यानंतर न उघडलेल्या बाटल्या उरल्या असतील, तर आधी जवळच्या दवाखान्यात विचारा. फ्रीजमधून फ्रीजमध्ये अशा त्या तासाभरात पोचत असतील, तर तिथेच त्यांचा उपयोग होईल.

आम्हाला लागतात त्या वस्तू वेगळ्या आहेत. रुंद तोंडाचे स्टीलचे थर्मास, मडक्यात ठेवायचे साधे थर्मामीटर, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या (आधी फोन करून कोणत्या ते विचारा, एका यंत्राच्या पट्ट्या दुसऱ्याला चालत नाहीत), आणि 40 युनिटच्या लाल टोपीच्या सिरिंजा. थर्मास होळीच्या आधी मिळाले तर बरे. मडकी मात्र पाठवू नयेत. ती आम्ही शहाद्याच्या बाजारातून घेतो. मागच्या वर्षी कुणीतरी प्रेमाने पाठवलेल्या सहांपैकी चार घाटातच फुटली.